फुटलेली नाव आणि अल्लाहवरचा भरवसा

आपल्यापैकी अनेकांच्या घरी दर शुक्रवारी सूरह कहफचे पठण होते. कुणी मुसहफ उघडून बसतो, कुणी लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर वाचतो. या सूरहमधली ह. मूसा (अलै.) आणि ह. खिज्र (अलै.) यांच्या प्रवासाची कथा (१८:६०-८२) तर लहानपणापासून आपल्या कानावर आहे. मदरशात, जुम्याच्या बयानात, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण ती कितीतरी वेळा ऐकली आहे. बहुतेक वेळा तिचे तात्पर्य एका वाक्यात सांगितले जाते. जे होते त्यात अल्लाहची काही ना काही मसलहत असते, म्हणून सब्र करा.

हे तात्पर्य चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. अपुरे असल्यामुळेच ते अनेक तरुणांच्या मनाला धीर देत नाही, उलट कधी कधी बोचते. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत वडील गेले आणि कॉलेज अर्ध्यावर सोडून जिला दुकानात कामाला लागावे लागले, त्या मुलीला "यात काहीतरी चांगलेच असेल" हे वाक्य ऐकून बरे वाटेलच असे नाही. दोन वर्षे घासून अभ्यास करूनही नीटमध्ये थोड्या गुणांनी हुकलेला मुलगा, सगळे ठरल्यावर केवळ नाव ऐकून भाड्याचे घर नाकारले गेलेले नवे जोडपे, ही माणसे आपल्या आसपासच असतात. मशिदीत ती आपल्या शेजारी सफमध्ये उभी असतात. त्यांच्या मनात एक प्रश्न असतो, "हे माझ्याच वाट्याला का?" तो प्रश्न मोठ्याने विचारला तर लोक म्हणतील, हिचे ईमान कच्चे आहे, याला शैतानाने भरकटवले आहे. म्हणून ती गप्प राहतात. गप्प राहता राहता काही जण दीनपासूनच दूर जातात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

या विषयावर म्हणूनच मोकळेपणाने बोलायला हवे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. घडलेल्या प्रत्येक गोष्टीचे कारण आपल्याला ठाऊक आहे असे मानणे, हा तवक्कुल नाही. कारण ठाऊक नसताना आपल्यापुढचे कर्तव्य करत राहणे आणि परिणाम अल्लाहवर सोपवणे, हा तवक्कुल आहे. आणि स्वतःला कारण ठाऊक नसताना दुसऱ्याला त्याच्या दुःखाचे कारण सांगत सुटणे, ही तर अल्लाहच्या ज्ञानात केलेली लुडबुड आहे.

कथेत आपली जागा कोणती?

ह. मूसा (अलै.) हे साधेसुधे प्रवासी नव्हते. फिरऔनसारख्या बादशहासमोर उभे राहिलेले, ज्यांना तौरात दिली गेली असे ते प्रेषित. सहीह बुखारीतल्या हदीसनुसार, सर्वांत जास्त ज्ञान कुणाला आहे असे एकाने त्यांना विचारले आणि त्यांनी स्वतःकडे बोट दाखवले. तेव्हा अल्लाहने त्यांना कळवले की, दोन समुद्र जिथे मिळतात तिथे माझा एक दास आहे, त्याला तुला नसलेले ज्ञान दिले आहे. कुरआनमध्ये या दासाचे नाव येत नाही, ह. खिज्र हे नाव हदीसमधून आपल्याला कळते.

भेट झाल्यावर ह. खिज्र यांनी सुरुवातीलाच बजावले की, माझ्यासोबत तुम्हाला धीर धरवणार नाही, कारण जी गोष्ट माणसाच्या जाणिवेच्या कक्षेतच नाही तिच्यावर तो धीर कसा धरणार? या वाक्यातली करुणा लक्षात घ्यायला हवी. न कळलेल्या गोष्टीवर सब्र करणे अवघड असते, हे कुरआन इथे मान्य करते. ते सोपे आहे असे कुरआनने कुठेही म्हटलेले नाही. पुढे नाव फोडली गेली, एक मुलगा मारला गेला, भिंत उभारली गेली, आणि तिन्ही वेळा ह. मूसा (अलै.) यांना राहवले नाही. एका थोर प्रेषिताला जे जमले नाही, ते एकवीस वर्षांच्या पोराला सहज जमावे अशी अपेक्षा आपण कशी करतो?

आपली गफलत अशी होते की कथेचा शेवट आपण आधीच वाचलेला असतो. बादशहा नावा हिसकावत होता, भिंतीखाली ठेवा होता, हे आपल्याला माहीत असते. त्यामुळे कथा सांगताना आपण नकळत ह. खिज्र यांच्या शेजारी जाऊन उभे राहतो आणि ह. मूसा यांच्या अधीरपणाकडे थोड्या कौतुकाने पाहतो. आयुष्यात मात्र पुढचे पान आपल्या हाती नसते. तिथे आपण ह. मूसा यांच्या जागी असतो. खरे तर त्याहूनही मागे, त्या नावेतल्या माणसांच्या जागी.

ज्यांना काहीच सांगितले गेले नाही

त्या नावेतल्या माणसांचा विचार आपण क्वचितच करतो. कुरआन त्यांना मिस्कीन म्हणते. समुद्रावर राबून पोट भरणारी ती गरीब माणसे होती. बुखारीच्या हदीसमध्ये येते की त्यांनी ह. खिज्र यांना ओळखले आणि दोघांना भाडे न घेता नावेत घेतले. आणि ज्याला फुकट घेतले त्यानेच नावेची फळी काढली. रत्नागिरीकडच्या आपल्या दालदी बांधवांना विचारा, नावेला भोक पडणे म्हणजे काय. चार दिवसांची कमाई बुडते, दुरुस्तीला उधारी करावी लागते, चूल थंड पडते.

ह. मूसा (अलै.) यांना प्रवासाच्या शेवटी कारण सांगितले गेले. पुढे एक बादशहा होता, तो प्रत्येक नाव बळजबरीने हिसकावत होता, खोट असलेली नाव मात्र वाचली. पण नावेच्या मालकांना हे कुणी सांगितले का? कुरआन तसे म्हणत नाही. कदाचित बादशहाची माणसे फुटकी नाव पाहून निघून गेली तेव्हा त्यांना उमगले असेल. कदाचित उमगलेही नसेल, आणि आयुष्यभर ते म्हणत राहिले असतील की, आपण ज्याचे भले केले त्यानेच आपले नुकसान केले.

त्या मुलाच्या आईवडिलांचे दुःख तर याहून कितीतरी खोल. ते श्रद्धावान होते. मुलगा पुढे त्यांना सरकशी आणि कुफ्रने त्रास देईल, आणि त्याच्या बदल्यात अल्लाह त्यांना अधिक पवित्र, अधिक माया करणारे अपत्य देईल, असे कारण ह. मूसा यांना कळते. आईवडिलांना ते कळल्याचा उल्लेख कुठेच नाही. त्यांनी आपल्या पोटच्या पोराला दफन केले असेल आणि पुढचे सगळे आयुष्य उत्तर न मिळताच काढले असेल.

तिसरी गोष्ट आणखी निराळी. ज्या गावाने दोघा भुकेल्या प्रवाशांना जेवायला द्यायचे नाकारले, त्याच गावात ह. खिज्र यांनी पडायला आलेली भिंत मजुरी न घेता उभी केली. तिच्याखाली दोन यतीम मुलांचा ठेवा होता आणि त्यांचे वडील नेक होते. मुलांच्या दृष्टीने त्या दिवशी काहीच घडले नव्हते. भिंत उभी होती, ती उभीच राहिली. आपल्यावर केवढा उपकार झाला याचा त्यांना गंधही नव्हता.

या तीन घटना एकत्र ठेवून पाहा. एका नुकसानाचा अर्थ उशिरा का होईना कळण्यासारखा आहे. एका नुकसानाचा अर्थ या जगात कळणारच नाही. आणि एक कृपा अशी आहे की जी झाली हेच कळणार नाही. आपण पहिल्या प्रकारावर भर देतो, "मला ती नोकरी मिळाली नाही आणि सहा महिन्यांत कंपनीच बुडाली" असे किस्से रंगवून सांगतो. त्यामुळे तरुणांचा समज होतो की थोडी वाट पाहिली की प्रत्येक दुःखाचा हिशोब लागतो. तो लागला नाही की त्यांना वाटते, अल्लाह आपल्याला विसरला. कुरआन मात्र त्या आईवडिलांची घटना त्याच कथेत, पहिल्या घटनेला लागूनच ठेवते. काही प्रश्नांची उत्तरे आखिरतमध्येच मिळतील. हे स्वीकारणे कठीण आहे, पण प्रामाणिक आहे. आणि ज्या दिवशी सारे हरवल्यासारखे वाटते, त्या दिवशी आपल्याला न दिसलेली एखादी भिंत कुणी सावरून ठेवली नसेल असे कोण सांगू शकतो?

खिज्र यांचा दाखला आणि जुलूम

आता एक धोक्याची गोष्ट. "यात अल्लाहची मर्जी असेल" हे वाक्य स्वतःच्या दुःखात माणसाला आधार देते. दुसऱ्याने केलेल्या अन्यायावर पांघरूण घालायला ते वापरले की तेच वाक्य विष होते.

सहीह मुस्लिममध्ये एका पत्रव्यवहाराची नोंद आहे. नजदा नावाच्या खारिजी पुढाऱ्याने ह. अब्दुल्लाह इब्न अब्बास (रजि.) यांना पत्र लिहून काही प्रश्न विचारले. त्यात युद्धात मुलांना मारण्याविषयीचाही प्रश्न होता. इब्न अब्बास यांनी कळवले की प्रेषित मुहम्मद (स.) मुलांना मारत नसत, तेव्हा तूही मारू नकोस. आणि पुढे असेही बजावले की, खिज्र यांना त्या मुलाविषयी जे ज्ञान होते ते तुला असेल तरच काय ते बोल. म्हणजे अर्थ उघड आहे. ते ज्ञान तुला नाही आणि कधी असणारही नाही, म्हणून खिज्र यांचा दाखला देण्याचा तुला अधिकार नाही.

आपल्या काळासाठी हे पत्र फार मोलाचे आहे. ह. खिज्र यांनी शेवटी सांगितले की हे मी माझ्या मनाने केलेले नाही. त्यांचे काम हे त्यांच्यापुरते, थेट अल्लाहच्या आदेशाने होते. आपल्यावर जी शरीयत आहे ती उघड आहे. गरिबाची नाव कुणी फोडली तर हटकायचे, निरपराधाचा जीव घेतला जात असेल तर आवाज उठवायचा. ह. मूसा (अलै.) यांनी हेच केले. त्यांना आठवण करून दिली गेली ती दिलेल्या शब्दाची. गरिबाची नाव फोडणे रास्त असते, असा नियम कुणी घालून दिला नाही.

आणखी एक बारकावा पाहा. नावा हिसकावणारा तो बादशहाही अल्लाहच्या ज्ञानाबाहेर नव्हता. तरीही कुरआन त्याच्या कृत्याला 'गस्ब' म्हणते, म्हणजे बळजबरीने बळकावणे. त्याच्या जुलमाला तकदीरचे गोंडस नाव दिले गेलेले नाही. म्हणून ज्या घरमालकाने नाव ऐकून घर नाकारले त्याने भेदभाव केला, असेच म्हणायचे. त्या जोडप्याला अल्लाह यातून वाट दाखवील हा भरवसा खरा, आणि घरमालक चुकला हेही खरे. एकामुळे दुसरे खोटे ठरत नाही.

मालेगावचे उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बारातचा दिवस. बडा कब्रस्तान परिसरात बॉम्बस्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसे मेली. त्यानंतर नऊ मुस्लिम पुरुषांवर आरोप ठेवून त्यांना तुरुंगात टाकले गेले. त्यांच्यापैकी बहुतेकांना जामीन मिळायला पाच वर्षे लागली, आणि एप्रिल २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तोवर त्यांतला एक जण हयात नव्हता. या सगळ्याचा 'अर्थ' काय, हे त्या कुटुंबांना सांगण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाही नाही. पण एक गोष्ट सर्वांना दिसली. हा लढा न्यायालयात लढला गेला. वकील उभे राहिले, अर्ज झाले, वर्षानुवर्षे तारखा पडत राहिल्या. नशिबात होते म्हणून सगळे हात बांधून बसले असते तर २०१६ चा तो दिवस आला नसता. अल्लाहपुढे पसरलेले हात आणि न्यायालयात दिलेला अर्ज यांत भांडण नाही.

थोरांनीही न कळण्याचे दिवस काढले

"ईमान पक्के असते तर मन अस्वस्थ झाले नसते" असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. कुरआन आणि सीरत वाचणाऱ्याला हे पटणार नाही.

ह. याकूब (अलै.) यांच्याकडे पाहा. मुलगा गेला, आणि रडून रडून त्यांच्या डोळ्यांची ज्योत गेली (१२:८४). घरच्यांनी टोकले तेव्हा त्यांनी सांगितले की मी माझे गाऱ्हाणे अल्लाहपुढे मांडतो आहे, तुमच्यापुढे नाही. म्हणजे गाऱ्हाणे होते. सब्र म्हणजे गाऱ्हाणे नसणे असे नाही, ते कुठे मांडायचे हे कळणे असे आहे. आणि लगेच पुढच्या आयतीत ते मुलांना सांगतात, जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, अल्लाहच्या कृपेबद्दल निराश होऊ नका. डोळे गेलेला म्हातारा बाप शोधमोहीम काढतो आहे! याआधी मुले मिसरला निघाली तेव्हाही, शहरात एकाच दरवाजाने न जाता वेगवेगळ्या दरवाजांनी जा, असा सावधगिरीचा सल्ला त्यांनी दिला होता, आणि त्याच आयतीत (१२:६७) आपला भरवसा अल्लाहवरच असल्याचे सांगितले होते. खबरदारी आणि तवक्कुल एकाच आयतीत शेजारी शेजारी आहेत.

ह. आयेशा (रजि.) यांच्यावर मदीनेत किटाळ आले तेव्हा सुमारे महिनाभर कोणताही ईश्वरी संदेश आला नाही. खुद्द प्रेषितांच्या घरात महिनाभर मौन! प्रेषितांनी (स.) त्या काळात जवळच्या लोकांचा सल्ला घेतला, घरातल्या सेविकेकडे चौकशी केली, पण स्वतःच्या मनाने अल्लाहच्या नावावर एक शब्दही सांगितला नाही. ह. आयेशा रडून रडून थकल्या. आपल्या बाबतीत कुरआनच्या आयती उतरतील असे त्यांना वाटलेही नव्हते, फार तर प्रेषितांना एखादे स्वप्न पडेल एवढीच त्यांची आशा होती. त्या दिवसांत त्यांनी दाखला दिला तो ह. यूसुफ यांच्या पित्याचाच. पुढे सूरह नूरच्या आयतींनी त्यांचे निर्दोषत्व जाहीर झाले. पण तो महिना त्यांनी उत्तराशिवायच काढला होता.

सर्वांत बोलका प्रसंग प्रेषितांच्या चिमुकल्या मुलाचा, इब्राहीमचा. हिजरी सन १० मध्ये, दोन वर्षांचाही नसताना तो वारला. प्रेषितांचे डोळे भरून आले. मन दुःखी आहे, पण तोंडातून पालनकर्त्याला नापसंत असे काही निघणार नाही, या आशयाचे ते बोलले. नेमके त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले की इब्राहीमच्या मृत्यूमुळेच सूर्य झाकोळला. शोकात बुडालेल्या बापाला यापेक्षा मोठे सांत्वन कोणते? पण प्रेषितांनी ते नाकारले. सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरण्याने किंवा जन्मण्याने त्यांना ग्रहण लागत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि लोकांना नमाज व दुआ करायला सांगितले.

मला वाटते, आजच्या तरुणाने हा प्रसंग मनावर कोरून ठेवावा. स्वतःच्या दुःखालाही खोटा अर्थ चिकटवू द्यायचा नाही, ही प्रेषितांची सुन्नत आहे. मग "तुझ्या आईला कॅन्सर झाला, कारण तुमच्या घरात टीव्ही फार चालतो" असे बोलणारा माणूस कोणत्या सुन्नतवर चालतो?

उंट बांधणे म्हणजे काय?

आधी उंट बांध, मग भरवसा ठेव, ही तिरमिजीतली हदीस सर्वांना पाठ आहे, म्हणून ती पुन्हा समजावत बसत नाही. पाखरांच्या हदीसबद्दल एवढेच सांगतो की सकाळी रिकाम्या पोटी निघून संध्याकाळी भरल्या पोटी परतणारी ती पाखरे घरट्यातून बाहेर पडतात.

ह. उमर (रजि.) शामच्या दौऱ्यावर असताना सर्ग या ठिकाणी त्यांना कळले की पुढे साथीचा रोग पसरला आहे. त्यांनी मुहाजिर, अन्सार आणि कुरैशच्या वडीलधाऱ्यांचा सल्ला घेतला आणि परत फिरण्याचा निर्णय केला. सेनापती ह. अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, अल्लाहच्या तकदीरपासून पळ काढता? ह. उमर यांचे उत्तर असे होते की हो, अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे. आणि त्यांनी दाखला दिला की दरीची एक बाजू हिरवीगार असेल आणि दुसरी उजाड, तर उंट कुठेही चारला तरी ती अल्लाहची तकदीरच. म्हणजे विचार करून हिरवी बाजू निवडणे हाही तकदीरचाच भाग आहे. पुढे इस्लामी इतिहासात प्रसिद्ध असलेल्या अमवासच्या त्याच साथीत, इ.स. ६३९ मध्ये, ह. अबू उबैदा यांचे निधन झाले. दोघेही थोर सहाबी, दोघांचाही अल्लाहवर पूर्ण भरवसा, तरीही दोघांचा त्या क्षणीचा विचार निराळा. तवक्कुलचा अर्थ समजून घेताना मतभेद होऊ शकतात, हेही यातून शिकण्यासारखे आहे.

हे आपल्या रोजच्या जगण्यात असे उतरवता येईल.

पहिली गोष्ट परीक्षेची. सहीह मुस्लिममधल्या एका हदीसचा क्रम पाहा. आधी आपल्या हिताच्या गोष्टीसाठी झटायचे, अल्लाहची मदत मागायची, हातपाय गाळायचे नाहीत. एवढे करूनही मनाविरुद्ध झाले तर "असे केले असते तर" या विचारात अडकायचे नाही. काही जण हा क्रम उलटा करतात. आधी हातपाय गाळतात आणि नंतर तकदीर म्हणतात. नापास झाल्यावर कोणता विषय कच्चा राहिला ते तपासणे हे झटणेच आहे. एमपीएससीचे चार प्रयत्न झाल्यावर दुसरी वाट धरणे हासुद्धा पराभव नाही, दरीची दुसरी बाजू आहे.

दुसरी गोष्ट इस्तिखाऱ्याची. लग्न ठरवताना, नोकरी बदलताना आपण इस्तिखारा करतो आणि स्वप्नाची वाट पाहत बसतो. स्वप्नात हिरवे दिसले, पांढरे दिसले, याची चर्चा घरभर होते. बुखारीत ह. जाबिर (रजि.) यांनी सांगितलेल्या इस्तिखाऱ्याच्या हदीसमध्ये स्वप्नाचा उल्लेखच नाही. त्या दुआचा आशय असा आहे की, अल्लाह, तुला ठाऊक आहे, मला ठाऊक नाही. यात भले असेल तर ते सोपे कर, नसेल तर दूर ठेव, आणि जे भले असेल त्यावर मला राजी कर. ही दुआ करून माणूस भविष्य विचारत नाही. आपल्याला कळत नाही याची कबुली देऊन तो पाऊल उचलतो.

तिसरी गोष्ट मनाच्या आजाराची. महिनोन्महिने झोप नाही, जगण्यात रस नाही, अशा तरुणाला फक्त वजीफा देऊन परत पाठवू नका. प्रेषितांनी (स.) आजारावर उपचार घ्यायला सांगितले आहे. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे हेही उंट बांधणेच आहे. नमाज आणि औषध दोन्ही चालू राहू शकतात.

दुःखी माणसापाशी

शेवटी आपल्या समाजाविषयी. हिजरी सन ८ मध्ये मूताच्या लढाईत ह. जाफर (रजि.) शहीद झाल्याची बातमी आली, तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की जाफरच्या घरच्यांसाठी जेवण तयार करा, त्यांच्यावर मोठा प्रसंग ओढवला आहे. आधी जेवण. शोकात बुडालेल्या घरात चूल पेटत नाही, हे प्रेषितांनी ओळखले होते. मय्यतच्या घरी शेजाऱ्यांनी डबा नेण्याची आपल्याकडची रीत याच शिकवणीची आठवण आहे.

कोरोनाच्या काळात पुण्या-मुंबईतल्या मुस्लिम तरुणांच्या गटांनी धर्म न पाहता मृतांचे अंत्यसंस्कार केले. स्वतःचे नातलग जवळ यायला घाबरत होते तेव्हा ही पोरे पीपीई किट चढवून उभी होती. महामारी का आली याचे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते. समोर एक मृतदेह होता आणि त्याला सन्मानाने निरोप द्यायचा होता, एवढे त्यांना कळत होते. माझ्या दृष्टीने तवक्कुलवरचे ते सर्वांत चांगले बयान होते.

म्हणून तरुण मित्रांनो, आपल्या मोहल्ल्यात कुणावर संकट आले तर त्याला मसलहत समजावण्याची घाई करू नका. इन्ना लिल्लाह म्हणा, शेजारी बसा, त्याला रडू द्या, प्रश्न विचारू द्या. मग विचारा, घरात धान्य आहे का, मुलीची फी भरायची आहे का, तक्रार नोंदवायला पोलीस ठाण्यात सोबत येऊ का, वकिलाचा नंबर हवा आहे का. आपल्या तंजीमकडे शिष्यवृत्तीची माहिती, कायद्याची मदत, समुपदेशकाचा पत्ता तयार असायला हवा. त्या दोन यतीम मुलांची भिंत एका अनोळखी माणसाने उभारली होती. खिज्र यांचे ज्ञान आपल्याला मिळणार नाही, पण पडू लागलेली भिंत सावरायला ते ज्ञान लागत नाही. हात लागतात, आणि ते अल्लाहने प्रत्येकाला दिले आहेत.

आणि तुम्ही स्वतः संकटात असाल, आणि काहीच उमगत नसेल, तर त्याची लाज बाळगू नका. सजद्यात जाऊन सांगा की मला कळत नाही. ज्याला सगळे कळते त्याच्यापुढे हे सांगण्यात ईमान कमी होत नाही. मग उठा आणि आजच्या दिवसाचे जे काम समोर आहे तेवढे करा. उद्याचे उद्या.

अल्लाह आपल्याला न कळलेल्या गोष्टींवर धीर देवो, कळलेल्या कर्तव्यात कसूर होऊ न देवो. आमीन.